समजून घ्या : एक गाडगं, एक खराटा आणि ठिगळांचे कपडे, गाडगे महाराजांच्या कमी वस्तूंच्या जगण्याचा आज आपल्याशी काय संबंध?

गोदावरीला पूर आला की नाशिककरांच्या मोबाइलवर दोन नावं हमखास फिरतात. एक दुतोंड्या मारुतीचं, कारण पाणी कुठपर्यंत चढलं हे त्याच्याकडे बघून कळतं. दुसरं गाडगे महाराज पुलाचं. या पुलावरून रोज हजारो गाड्या जातात. नाव सगळ्यांना पाठ आहे, पण ज्याचं नाव दिलं तो माणूस बहुतेकांसाठी शाळेच्या पुस्तकातल्या एका धड्यापुरता आणि खराटा घेतलेल्या एका फोटोपुरता उरला आहे.

२३ फेब्रुवारी २०२६ रोजी गाडगे महाराजांच्या जन्माला १५० वर्षं पूर्ण झाली. जग ज्याला आज शाश्वत जीवनशैली म्हणतं, म्हणजे गरजेपुरतं वापरा, वाया घालवू नका, कचरा करू नका, ते या माणसाने कुठलाही मोठा शब्द न वापरता पन्नासेक वर्षं जगून दाखवलं. ते का आणि कसं, हे या लेखात समजून घेऊ.

थोडक्यात

- मूळ नाव : देबूजी झिंगराजी जाणोरकर
- जन्म : २३ फेब्रुवारी १८७६, शेंडगाव (आता अंजनगाव सुर्जी तालुका, जिल्हा अमरावती)
- घर सोडलं : १९०५
- निधन : २० डिसेंबर १९५६, अमरावतीजवळ वलगाव
- स्वतःच्या वापरातल्या वस्तू : मातीचं फुटकं गाडगं, खराटा, काठी, ठिगळं लावलेले कपडे
- मागे काय ठेवलं : नाशिक, पंढरपूर, देहू, आळंदीसह अनेक ठिकाणच्या धर्मशाळा, शाळा, वसतिगृहं, घाट

देबूजी कोण होता?

शेंडगावच्या परीट कुटुंबात देबूजीचा जन्म झाला. वडील झिंगराजी, आई सखूबाई. वडिलांना दारूचं व्यसन लागलं आणि त्यातच ते गेले. तेव्हा देबूजी अगदी लहान होता. आई त्याला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे गावी आली. पुढचं बालपण आजोळी गेलं.

शाळेचं तोंड त्याने कधी पाहिलं नाही. आधी गुरं राखली, मग मामांच्या शेतात नांगर धरला. अंगमेहनतीत तो पटाईत होता आणि शेतीत त्याचं मन रमायचं. १८९२ मध्ये कुंताबाईंशी लग्न झालं, संसार सुरू झाला. इथपर्यंतची कथा वऱ्हाडातल्या कुठल्याही कष्टकरी घरात घडली असती अशीच आहे.

कर्जाने काय केलं?

पुढचा भाग महत्त्वाचा आहे, कारण गाडगे महाराजांच्या साधेपणाचं मूळ इथे सापडतं.

देबूजीचे मामा चंद्रभान सावकाराच्या कर्जात अडकले. लिहिता-वाचता येत नव्हतं. कागदावर काय लिहिलंय आणि हिशेब कसा फिरतोय, हे कळायला मार्ग नव्हता. शेवटी जमीन सावकाराच्या घशात गेली आणि त्या धक्क्यातून मामा सावरले नाहीत. देबूजीने सावकाराशी उघड झगडा केला, नांगर सोडायला नकार दिला. पण घराची घडी विस्कटायची ती विस्कटलीच.

वडील दारूने गेले आणि मामांची जमीन कर्जाने गेली. हे दोन अनुभव पुढे त्यांच्या प्रत्येक कीर्तनात दिसतात. कमी वस्तूंत जगा, ऋण काढून सण करू नका, पोराला शाळेत घाला, या त्यांच्या सांगण्यामागे अध्यात्मापेक्षा हा हिशेब जास्त होता. ऐपतीबाहेरचा खर्च माणसाला आधी कर्जात आणि मग दुसऱ्याच्या ताब्यात नेतो, हे त्यांनी घरात पाहिलं होतं.

बारशाचं ते जेवण

देबूजीची मुलगी आलोका हिचं बारसं होतं. अशा कार्यात जातभाईंना मटण आणि दारूचं जेवण घालायचं, ही त्या काळची रीत. त्यासाठी कर्ज काढावं लागलं तरी चालेल, पण रीत मोडायची नाही. देबूजीने ती मोडली. बकरं कापलं नाही, दारू आणली नाही, गोडाचं साधं जेवण घातलं.

आलेली मंडळी नाराज झाली. आज साखरपुड्यापासून हळदीपर्यंत प्रत्येक कार्यक्रमाचा वेगळा डेकोरेशनवाला आणि वेगळा ड्रेसकोड ठरतो. साधेपणाने लग्न करतो म्हणणाऱ्या मुला-मुलीला घरातूनच लोक काय म्हणतील, हे ऐकावं लागतं. सव्वाशे वर्षांपूर्वी एका निरक्षर शेतकऱ्याने हाच दबाव झुगारला होता. त्यासाठी त्याला पर्यावरणाचं ज्ञान लागलं नाही. आपल्या खिशाचा आणि मुक्या जनावराचा विचार पुरला.

घर सोडलं तेव्हा अंगावर काय होतं?

१९०५ मध्ये देबूजीने घर सोडलं. मागे आई, पत्नी आणि मुलं होती. त्यांच्या वाट्याला आलेले कष्ट लहान नव्हते आणि कुठलंही प्रामाणिक चरित्र ते झाकत नाही.

त्यानंतरचा वेश सगळ्यांना ठाऊक आहे. ठिगळं लावलेले कपडे, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात काठी आणि मातीचं फुटकं गाडगं. लोक कुठे त्यांना गोधडेबुवा म्हणायचे, कुठे चिंधेबुवा. शेवटी गाडग्यावरून पडलेलं नावच टिकलं.

त्या गाडग्याकडे जरा नीट बघू. त्यातच जेवायचं, त्यातच पाणी प्यायचं आणि ऊन-पावसात तेच डोक्यावर पालथं घालायचं. एकाच वस्तूचे तीन उपयोग. हल्ली डिझाइनच्या वर्गात एखाद्या वस्तूचं लाइफ सायकल शिकवतात, म्हणजे ती कशापासून बनली, किती दिवस वापरली गेली आणि फेकल्यावर तिचं काय झालं. या परीक्षेत हे गाडगं पहिल्या नंबराने पास होईल. गावच्या कुंभाराने गावच्या मातीपासून बनवलेलं, फुटल्यामुळे दुसऱ्याने टाकून दिलेलं आणि शेवटी पुन्हा मातीतच मिसळणारं.

कपड्यांचंही तसंच. फाटलं की ठिगळ, ठिगळ फाटलं की दुसरं ठिगळ. आपल्याकडे जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायची पद्धत घराघरांत होतीच. त्यांनी ती अंगावर घातली, एवढाच फरक.

आधी खराटा, मग भाकर

गाडगे महाराजांची गावात येण्याची पद्धत ठरलेली होती. ते आले की कुणाच्या ओसरीवर बसून राहायचे नाहीत. खराटा घ्यायचे आणि रस्ता झाडायला लागायचे. गटार तुंबलेलं असेल तर मोकळं करायचे. कुणाची लाकडं फोडून द्यायचे, कुणाच्या शेतात राबायचे आणि मग भाकर मागायचे. काम केल्याशिवाय खायचं नाही, हा नियम त्यांनी स्वतःला लावून घेतला होता.

दिवसभर हा चिंध्यांतला माणूस कोण, हे गावाला कळायचं नाही. संध्याकाळी कीर्तनाला गर्दी जमायची तेव्हा कळायचं की सकाळी आपल्या दारासमोरची घाण काढणारा माणूस तोच. मग दुसऱ्या दिवशी गावकरीही खराटे घेऊन उतरायचे. कचरा कुणी उचलायचा, हा आपल्याकडे जातीचा प्रश्न होता आणि बऱ्याच अंशी आजही आहे. ज्याने केला त्याने उचलावा, हे त्यांनी भाषणाने नाही तर कृतीने सांगितलं.

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीकाठी ऋणमोचन नावाचं गाव आहे. तिथे पौष महिन्यातल्या रविवारी यात्रा भरते. नदीवर जायची वाट चिखलाची आणि निसरडी. महाराज तिथे यात्रेकरूंना हात द्यायचे, त्यांचं सामान वाहायचे. पुढे त्यांनी तिथे घाट बांधून घेतला. पंढरपूरच्या वारीतही त्यांचा मुक्काम देवळाच्या गाभाऱ्यात नसायचा. लाखो लोक येऊन गेल्यावर चंद्रभागेच्या वाळवंटात जी घाण उरते, ती काढण्यात त्यांची वारी व्हायची.

कीर्तनात ते नेमकं काय सांगायचे?

त्यांचं कीर्तन म्हणजे समोरच्या लोकांशी चाललेला संवाद असायचा. वऱ्हाडी बोलीत साधे प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घ्यायचे. त्यातले मुद्दे आजच्या भाषेत मांडले तर असे होतील :

- लग्न, तेराव्याचं जेवण किंवा तीर्थयात्रा, यातल्या कशासाठीही कर्ज काढू नका.
- नवसासाठी कोंबडं-बकरं कापू नका.
- दारूपासून लांब राहा.
- जेवायचं ताट विकून हातावर भाकर खायची वेळ आली किंवा स्वस्तातलं लुगडं घ्यावं लागलं तरी चालेल, पण मुलांचं शिक्षण थांबवू नका.
- जात मानू नका, शिवाशिव पाळू नका.

चौथा मुद्दा नीट वाचला तर एक गोष्ट लक्षात येते. ते नुसतं खर्च कमी करा, असं सांगत नव्हते. दिखाव्यातून वाचलेला पैसा शिक्षणाकडे वळवा, असं सांगत होते. बचत कशासाठी करायची, याचं उत्तर त्यांच्याकडे होतं.

पैसा आला, तो कुठे गेला?

कीर्तनं गाजू लागली तशा देणग्या येऊ लागल्या. इथे कुणाचाही पाय घसरू शकतो. त्यांनी तो पैसा धर्मशाळांमध्ये घातला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा, देहू, आळंदी आणि आपल्या नाशिकची धर्मशाळा ही त्यातली ठळक नावं. गोदावरीवर स्नानाला येणाऱ्या गरीब यात्रेकरूला रात्री डोकं टेकवायला छप्पर मिळावं, हा नाशिकच्या धर्मशाळेमागचा साधा हेतू.

धर्मशाळा ही कल्पनाच मुळात वाटून वापरण्याची आहे. एक खोली वर्षभरात शेकडो कुटुंबांच्या उपयोगी पडते. आज शेअरिंग इकॉनॉमी या नावाखाली जे ॲपवरून विकलं जातं, त्याचा हा नफा नसलेला अवतार म्हणता येईल.

या इमारतींच्या मालकीत त्यांनी स्वतःला ठेवलं नाही. कारभार विश्वस्तांकडे दिला. घरच्यांना त्या मालमत्तेचा वारसा मिळू दिला नाही. लाखो रुपयांची कामं उभी राहिली तरी त्यांच्या हातात गाडगंच राहिलं. कुणी पाया पडायला आलं तर पडू द्यायचे नाहीत.

१९४९ मध्ये त्यांनी पंढरपूरच्या चोखामेळा धर्मशाळेची वास्तू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. शिकणाऱ्या मुलांच्या उपयोगी पडावी म्हणून. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याशीही त्यांचा जवळचा स्नेह होता. रयत शिक्षण संस्थेने १९५४ मध्ये कराडला सुरू केलेल्या कॉलेजला सद्गुरु गाडगे महाराजांचं नाव आहे. ज्याने अक्षर गिरवलं नाही, त्याच्या नावाने कॉलेज आणि पुढे अमरावतीत विद्यापीठही उभं राहिलं.

मग ते मोठमोठे भंडारे का घालायचे?

हा प्रश्न रास्त आहे. एका बाजूला तेराव्याच्या जेवणाला विरोध आणि दुसऱ्या बाजूला हजारोंच्या पंगती, हे कसं?

फरक पंगतीत कोण बसायचं याचा आहे. तेराव्याच्या जेवणात बहुधा पोट भरलेलेच लोक जेवतात आणि यजमान कर्जात जातो. महाराजांच्या पंगतीत आंधळे, पांगळे, कुष्ठरोगी, भुकेले असायचे. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दहा सूत्रांची सुरुवातच भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी अशी होते. मुक्या प्राण्यांना अभय हेही त्याच यादीत आहे. कुणी काहीच खाऊ-पिऊ नये, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. एकाच्या घरी वाया जातंय आणि दुसऱ्याच्या घरी चूल पेटत नाही, हे त्यांना खुपत होतं.

शेवटचा प्रवास

१९२३ मध्ये त्यांचा मुलगा गोविंद गेला. त्यानंतरही त्यांची भटकंती आणि कीर्तनं थांबली नाहीत. १९५२ मध्ये श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली आणि संस्थांचा पसारा एका छताखाली आला.

६ डिसेंबर १९५६ ला डॉ. आंबेडकर गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी गाडगे महाराजांनी प्रवासातच शेवटचा श्वास घेतला. पन्नास वर्षांहून जास्त काळ रस्त्यावर असलेल्या माणसाचा शेवटही रस्त्यावरच झाला. अमरावतीत त्यांची समाधी आहे, तो भाग आता गाडगेनगर म्हणून ओळखला जातो.

सरकारने त्यांचं काय घेतलं?

२०००-०१ मध्ये महाराष्ट्र सरकारने संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू केलं. गावांमध्ये स्वच्छतेची स्पर्धा लावली, बक्षिसं ठेवली. नुसतं अनुदान वाटण्यापेक्षा गावाने एकत्र येऊन काम करावं, ही कल्पना त्यात होती. अनेक गावांत त्यामुळे खरोखर बदल झाला.

पण त्यासोबत आणखी एक गोष्ट घडली. महाराज खराट्यापुरते उरले. जयंतीच्या दिवशी आधीच झाडलेल्या रस्त्यावर नवा कोरा झाडू घेऊन फोटो काढायचा, एवढ्यावर काम भागू लागलं. त्यांच्या विचाराचा पहिला अर्धा भाग, म्हणजे कचरा होईल इतकं मुळात वापरूच नका, तो मागे पडला. घंटागाडी हा शब्द नाशिककरांना नवीन नाही. ओला-सुका वेगळा करून आपण कचरा देतो आणि तो खतप्रकल्पाकडे जातो. पण घंटागाडी कितीही वेळेवर आली तरी घराबाहेर पडणारी पिशवी रोज मोठी होत असेल, तर प्रश्न गाडीचा नाही.

जग आज काय म्हणतंय?

२०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी १७ शाश्वत विकास उद्दिष्टं ठरवली. त्यातलं बारावं उद्दिष्ट जबाबदार उपभोग आणि उत्पादनाचं आहे. भारताने २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत पर्यावरणपूरक जीवनशैलीची कल्पना मांडली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये गुजरातमधल्या केवडियात मिशन लाइफ सुरू केलं. वीज-पाणी वाचवा, अन्न वाया घालवू नका, एकदाच वापरायचं प्लास्टिक टाळा, अशा छोट्या सवयींवर त्याचा भर आहे.

आकडे काय सांगतात तेही बघू. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. ग्राहकांपर्यंत पोचलेल्या अन्नाचा हा जवळपास पाचवा हिस्सा. त्यातलं ६० टक्के घराघरांतून वाया गेलं. भारतातल्या घरांसाठी या अहवालाचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो इतका आहे.

प्लास्टिकचं म्हणाल तर महाराष्ट्राने २०१८ मध्येच बंदी आणली आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या ठरावीक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आहे. तरीही भाजीबाजारात पिशवी मिळतेच. कायदा आहे, पण सवय जुनीच आहे. गाडगे महाराजांनी उभं आयुष्य याच दुसऱ्या गोष्टीवर घालवलं.

एक सावधगिरी

गाडगे महाराजांना भारताचे पहिले पर्यावरणवादी वगैरे म्हणण्याचा मोह टाळायला हवा. हवामान बदल, कार्बन हे शब्द त्यांच्या कानावर आले नव्हते. त्यांची लढाई दारिद्र्य, अज्ञान, जात आणि कर्जाशी होती.

दुसरं म्हणजे साधेपणा आणि गरिबी एक नाही. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याला कमी वापरा म्हणून शिकवण्यात अर्थ नाही. महाराज भुकेल्यासाठी अन्न, उघड्यासाठी वस्त्र आणि बेघरासाठी छप्पर मागत होते. म्हणजे गरिबाचा वापर वाढावा आणि दिखाव्याचा खर्च कमी व्हावा, हे दोन्ही त्यांना एकाच वेळी हवं होतं. आजच्या पर्यावरणाच्या चर्चेत ही बाजू बऱ्याचदा सुटते. एसी कमी वापरा हा सल्ला ज्याच्या घरात एसी आहे त्याच्यासाठी आहे, पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्यासाठी नाही.

मग आपण काय करू शकतो?

चिंध्या घालून फिरायची गरज नाही. त्यांच्या जगण्यातून आजच्या घरात उचलता येतील अशा काही गोष्टी :

- आधी दुरुस्ती, मग खरेदी. मिक्सर, बॅग, चप्पल, मोबाइल. टाकण्याआधी एकदा दुरुस्तीवाल्याकडे न्या.
- एका वस्तूचे दोन-तीन उपयोग. नवीन डबा घेण्याआधी घरातला रिकामा डबा बघा.
- कार्यात कर्ज नको. लग्नाचं बजेट ठरवताना ईएमआय किती वर्षं चालेल, हे आधी मोजा.
- पंगतीत उरलं तर वेळेत वाटा. जेवण शिल्लक राहणार असं दिसताच चांगलं असतानाच गरजूंपर्यंत पोचेल अशी सोय आधी करून ठेवा.
- आपला कचरा आपण उचला. घाटावर, गडावर, सहलीला. नदीत निर्माल्य टाकण्याऐवजी निर्माल्य कलशात टाका.

शेवटचा मुद्दा नाशिकसाठी लवकरच परीक्षेचा ठरणार आहे. २०२७ मध्ये सिंहस्थ कुंभमेळ्याची मुख्य स्नानं आहेत. रामकुंडावर आणि गोदाकाठी देशभरातून लोक येतील. पाण्याच्या बाटल्या, द्रोण, पिशव्या, फुलं, कपडे, सगळं त्याच नदीकाठी साठेल. महापालिका तयारी करेल, सफाई कामगार रात्रंदिवस राबतील. पण आलेल्या प्रत्येकाने आपली पिशवी आपल्यासोबत परत नेली, तर त्या कामगारांच्या डोक्यावरचा भार किती कमी होईल याचा हिशेब अवघड नाही.

त्या गर्दीतले कित्येक जण गाडगे महाराज पुलावरून चालत जातील. पुलाला नाव ज्याचं आहे, तो माणूस असल्या गर्दीत स्नानाला थांबला नसता. गर्दी पांगायची वाट बघत खराटा घेऊन घाटावर उभा राहिला असता.